रापणीचा नक्षा

अन्याय मसुऱ्यातल्या एका बाईवर झाला. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पोलीस ठाण्यात, माझ्या टेबलासमोर. तो करणारी मी होते. फौजदार होते तेव्हा. पुढे नोकरी सोडली, आता लोकांना सावध करणारी असली पत्रकं लिहिते. बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झालेली बाई म्हणून लोक हसतात, हसू देत. पण सेवेतली एकच केस सांग म्हटलं तर ती सोमवारची सकाळच डोळ्यांसमोर उभी राहते.

बाई चाळिशीच्या. हातात कापडी पिशवी. पावणेअकराला ठाणे अंमलदाराकडे गेल्या, त्यांनी माझ्याकडे पाठवलं. इंटरनेटवरच्या एका विक्रीच्या साइटवर त्यांचं छोटं दुकान होतं. क्रॉस स्टिचचं, म्हणजे आपल्या आया मॅटीच्या कापडावर फुलीचे टाके घालायच्या, तेच. त्या चौकटीचं कापड, दोऱ्याच्या लड्या आणि सुया विकायच्या. शिवाय स्वतः आखलेले नक्षे. काजूची फांदी, आंब्याची पेटी, खेकडा. कुठल्या चौकटीत कुठल्या रंगाची फुली, हे कागदावर खुणांनी आखलेलं असतं. अशा नक्ष्यांना पुण्या-नागपूरकडून मागणी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

"माझा नक्षा चोरलाय कुणीतरी," बाई म्हणाल्या. कचेरीत आल्यावर इथली माणसं शुद्ध मराठी बोलतात, तसं.

"वहीतून फाडून नेला का?"

"नाही मॅडम. नक्षा माझ्याकडेच आहे. पण दुसऱ्या नावाने विकला जातोय."

हवालदार मामा खोकल्याच्या आड हसले. मीही हसले. ते बाईंनी पाहिलं. मी म्हटलं, घरगुती छंदाचा विषय आहे, आपसात मिटवा. त्यांना परत पाठवलं. बुधवारी त्या पुन्हा आल्या, पुन्हा पाठवलं. हे मी अभिमानाने लिहीत नाही.

गुरुवारी त्या आल्या आणि ठाण्याच्या बाकावर बसल्या. पिशवीतून लाकडी रिंग काढली, कापड ताणलं आणि टाके घालू लागल्या. आता शुद्ध मराठी संपली होती. "माका पोच व्हयी. मिळापर्यंत हंयच बसतंय."

बाराच्या सुमाराला आमची महिला शिपाई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. साडेबाराला तिच्या हातात सुई होती. एकला वायरलेसवरचा माणूस विचारून गेला, बायकोच्या वाढदिवसाला काय चांगलं दिसेल. दोन वाजता मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "सांगा."

हकीकत अशी. बाईंनी रापणीचा नक्षा आखला. किनाऱ्यावर सात माणसं दोर धरून जाळं ओढतायत. कागदावर छापून तो जाऊबाईंना दिला. बाईंची रीत अशी की नक्षा विकायला ठेवण्याआधी जाऊबाईंनी तो कापडावर काढून बघायचा. जाऊबाईंना चूक सापडली. सातव्या माणसाला डावा पायच नव्हता, तिथल्या चौकटी कोऱ्या राहिल्या होत्या. बाईंनी पाय घातला. पण कापड पूर्ण व्हायला, त्याचा फोटो काढायला महिना गेला. त्या महिन्यात तोच नक्षा दुसऱ्या कुणीतरी त्याच साइटवर विकायला लावला. बाईंनी आपला लावल्यावर साइटच्या यंत्रणेने फक्त तारखा पाहिल्या आणि बाईंनाच नकलाकार ठरवलं. सात दिवसांत पोलीस तक्रारीची प्रत द्या, नाहीतर दुकान कायमचं बंद.

ती सूचना रविवारी आली होती. सातांतले चार दिवस आम्ही खाल्ले होते.

"दुकान गेलं तर?" मी विचारलं.

"चार वर्सां गेली मगे," बाई म्हणाल्या. "सगळी गिऱ्हाइका थंयच आसत. त्यांचे पत्ते माझ्याकडे नाय."

तक्रार लिहून घेतली. प्रताधिकार कायद्यात नकली माल जप्त करायचा अधिकार थेट फौजदाराला आहे. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. बाईंनी कलमासकट कागदावर लिहून आणलं होतं.

ठाण्याच्या प्रिंटरचा टोनर संपलेला, नेहमीसारखा. मामा म्हणाले, बघतो. अर्ध्या तासात छापील तक्रार सहीला आली. बाईंना प्रत मिळाली, त्यांनी ती तिथूनच साइटला पाठवली. साइटचं उत्तर तासाभरात आलं: तक्रार पोचली, पण मूळ नक्षा तुमचाच याचा पोलिसांचा अहवाल मुदतीत हवा. विकणारा कोण, हे आम्ही साइटला रीतसर पत्राने विचारलं. त्याच्या उत्तराला महिना लागेल म्हणे. बाईंकडे तीन दिवस होते.

धागा सापडला तो देवगडच्या एका निवृत्त शिक्षिकेमुळे. त्या बाईंच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा त्याच संध्याकाळी मेसेज आला, आणि बाई तो दाखवायला शुक्रवारी सकाळी धावत आल्या. शिक्षिकेने लिहिलं होतं: तुमचा समजून रापणीचा नक्षा घेतला, पण शेवटचा माणूस लंगडा का?

म्हणजे चोराकडे बिनपायाचा नक्षा होता. पहिला, चुकीचा. तो बाईंनी विक्रीला कधी लावलाच नव्हता.

"तो नक्षा तुम्ही कोणाला दिला होता?" मी विचारलं.

"कोणाकच देवक नाय."

"नीट आठवा."

"जाऊबायक. बाकी कोणाक नाय."

मग जाऊबाईंना बोलावणं गेलं. आल्या त्या पदर खोचून. मी चौकशीचा आवाज लावला. त्यांनी तो ऐकूनच घेतला नाही.

"माका चोर म्हणतास? वीस वर्सां एका चुलीवर जेवतंव आमी. आणि माका मोबाईल उघडूक येणा नाय, इंटरनेटार खंयसून विकू?"

"मग नक्षा बाहेर गेला कसा?"

"ता तुमी शोधा. पगार तुमका आसा." त्यांनी पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला आणि टेबलावर आपटला. "ह्यो माझो नक्षो. बघा, पाय मीच काढलंय."

रंगीत छपाई. सातव्या माणसाच्या कमरेखाली निळ्या बॉलपेनने पाय काढलेला, तोही जरा मोठा. आम्ही तिघी त्या पायाकडे बघत होतो. आणि मला विचारायला सुचलं, "हा कागद छापला कुठे?"

दोघी जावा एकमेकींकडे बघू लागल्या. बाई म्हणाल्या, "झेरॉक्सच्या दुकानात. व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतंय, तो छापून ठेवता."

"मघाशी म्हणालात, कोणालाच दिला नाही."

"तो काय कोण परको आसा?" जाऊबाई म्हणाल्या. "तो झेरॉक्सवालो."

त्या वाक्यावर मी अजून विचार करते. बाई खोटं बोलत नव्हत्या. झेरॉक्सवाल्याला पाठवणं म्हणजे कुणाला तरी देणं, असं आपल्यापैकी कुणाच्या मनातच येत नाही. त्याच्याकडे सगळेच पाठवतात.

दाराशी उभे असलेले मामा दोन पावलं पुढे आले. "काय मामा?"

"मॅडम," ते हळू म्हणाले, "काल आपली तक्रार पण थंयच छापलंय मी."

आम्ही दोन पंच घेऊन दुकानात गेलो. एक शेजारचा चहावाला, दुसरा पासबुकाची प्रत काढायला आलेला बँकेतला शिपाई. दुकानदार पन्नाशीचा, हसतमुख, तालुक्यात कुणाला नाही न म्हणणारा. त्याने खुर्ची पुसून दिली.

"येवा मॅडम. कालच्या तक्रारीत गावाचा नाव चुकलेला. मी बरोबर करून छापलंय."

माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत आरोपीने स्वतःविरुद्धची तक्रार दुरुस्त करून दिल्याची ही एकच वेळ.

संगणकावर फोल्डर होते, नीट नावं घातलेले. आधार. सातबारा. लग्नपत्रिका. शिवण. 'शिवण' उघडलं तर बाईंचे चार वर्षांचे एकोणीस नक्षे. त्यातले सहा तो विकत होता, बिनपायाच्या रापणीसकट. त्याने नाकारलंही नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"तिची फाईल तिच्याकडेच आसा, मॅडम. मगे मी चोरलंय काय?"

"तिची कमाई."

"ती खंय एवढे विकता?"

"तू विकतोस म्हणून तिचे विकले जात नाहीत."

यावर तो पहिल्यांदा खाली बघू लागला. बँकेच्या शिपायाने पंचनामा अडवला, "थांबा, माझो आधार पण आसतलो ह्येच्यात," आणि होताच. चहावाल्याचाही होता.

शेवटच्या फोल्डरचं नाव होतं 'पोलीस'. तो मी स्वतः उघडला. आमचे पंचनामे. आमचे जबाब. माझा बदलीचा अर्ज. आणि नवऱ्याच्या मारहाणीतून पळून माहेरी लपलेल्या एका बाईचा जबाब, नव्या पत्त्यासकट. आमच्या टोनरला मंजुरी नव्हती म्हणून तो त्या दुकानात पडून होता, ज्याला हवा त्याला वाचायला. इथे माझं हसू संपलं.

संगणक जप्त केला, पंचनामा हाताने लिहिला. साइटला अहवाल शनिवारी दुपारी गेला. सोबत दोन नक्षे, पायाचा आणि बिनपायाचा, आणि जाऊबाईंचा बॉलपेनचा कागद. रविवारी सकाळी बाईंचं दुकान उघडं राहिलं आणि नकली नक्षे उतरले. सोमवारी त्या पेढे घेऊन आल्या. महिला शिपायासाठी रिंग आणली होती, तिचा खेकडा अर्धा झाला होता. जाऊबाईंनी मला पेढा दिला आणि म्हणाल्या, "चोर म्हटलास ता विसरूक नाय हां." पेढे मात्र दोन दिले.

मी वरिष्ठांना त्या फोल्डरबद्दल सहा पानी अहवाल दिला. वर्षभर न आलेला टोनर दोन दिवसांत आला. अहवालाचं उत्तर आलं नाही. त्यानंतर काही महिन्यांत मी राजीनामा दिला, कारणं आणखीही होती.

या केसने मला शिकवलं ते असं. चोर शोधायला आपण परका माणूस शोधतो. आणि घरात बसून बाईने केलेल्या कामाला आपण छंद म्हणतो, म्हणून ते चोरीला गेलं तरी आपल्याला चोरी दिसत नाही. मी वर्दीत होते, बाई होते, तरी मला दिसली नाही.

आता तुम्ही. तुमचा आधार, तुमचा सातबारा, मुलीचा दाखला, तुमची एखादी कविता किंवा नक्षी, यातलं काहीतरी या क्षणी कुणाच्या तरी दुकानातल्या संगणकावर आहे. हे पत्रक खाली ठेवा आणि त्या दुकानात जा. काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहा. तुमची फाईल शोधायला लावा, तुमच्या डोळ्यांसमोर पुसायला लावा, मग पुसलेल्या फायलींचा डबाही रिकामा करायला लावा. तो म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही का. म्हणू दे. डबा रिकामा होईपर्यंत तिथून हलू नका.