भिंतीवरलं शिराळं

ठमी काशीदहून मुरुडकडे सासरी आली ती पदराच्या गाठीत शिराळ्याचं, म्हणजे दोडक्याचं, बी बांधून. तिच्या आईच्या वेलाचं बी ते. त्या शिराळ्याची भाजी खाऊन माणसं विचारायची, गूळ घातलाय काय हिच्यात? दर दिवाळीनंतर ठमी वाळल्या शिराळ्यातलं बी काढी, राखेत घोळवी आणि शेणात कालवून स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवी. मग पेरणीपर्यंत त्याला कीड लागत नसे.

सव्वीस साली तिचा नवरा तापानं गेला. चैत्रातच थोरल्या जावेनं, केसरनं, वाटणी काढली. दीर भागोजी सुपारी कातरत राहिला. ठमीला मागची पडवी आणि कुंपणापलीकडचा तुकडा मिळाला. स्वयंपाकघर केसरकडे गेलं. ठमीनं कुरकुर केली नाही. आपलं बी तेवढं द्या म्हणाली.

केसर चार माणसांसमोर म्हणाली, "म्हायेरून काय आणलंस तू? नुसता पदर. भिंत माझी, तर भिंतीवरलं पण माझं."

ठमी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

भांडी हलवायला तिला एक दुपार मिळाली. केसर विहिरीवर होती. ठमीनं थापी उकलून बी ओटीत घेतलं. कुंपणावर रानातलं कडू शिराळं वाळून खुळखुळत होतं; त्याचंही बी तसंच काळं. ते शेणात कालवून तिनं जुन्याच जागी थापलं आणि ओलं दिसू नये म्हणून वर चुलीतली राख फुंकली. तिचा हिशेब साधा होता. नव्या वेलाचं फळ केसर आधी गौरीला दाखवणार, आणि गौरीचा नैवेद्य चाखून बघायची घरात रीत नाही.

पावसात केसरचा वेल मांडवभर पसरला. येणाऱ्याजाणाऱ्या बायांना थांबवून ती तो दाखवी. कुंपणापलीकडून ठमीही म्हणे, "वयनी, तुमच्या हाताला गुण हाय हो."

त्या वर्षी गौरीच्या जेवणाला थळ गावची माणसं आली होती, केसरच्या लेकीला, कोकिळेला, बघायला. वाढायला धाकटी जाऊ लागतेच, म्हणून ठमीला बोलावणं आलं. शिराळ्याची भाजी तिनं स्वतःच्या हातानं वाढली, थळच्या बाईला दोन डाव जास्त.

त्या बाईनं पहिलाच घास तोंडात धरला, पदराआड काढला, पाणी प्यायली. मग शांतपणे म्हणाली, "आमच्यात कडू पाडव्याला खातात. गौरीला न्हाय."

सुपारी फुटली नाही. मान खाली घालून उष्टी काढणाऱ्या कोकिळेकडे ठमीनं बघायचं टाळलं. पण त्या रात्री तिला झोप छान लागली. केसरला सगळं कळलं होतं. बोलायची मात्र सोय नव्हती. बी बदललंस म्हणायचं, तर ते ठमीचं होतं हे आधी कबूल करावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं वेल मुळासकट उपटला.

पण तोवर केसरचा आणि ठमीचा, दोन्ही वेल महिनाभर संध्याकाळच्या संध्याकाळ फुलले होते, मध्ये एक कुंपण. माशा फुलांतली पिवळी पूड पायाला घेऊन इकडून तिकडे जात होत्या. त्यांच्यात वाटण्या झाल्या नव्हत्या.

पुढल्या श्रावणात ठमीनं आपल्या वेलाचं पहिलं शिराळं तोडलं, सवयीनं देठाकडचा तुकडा चावला आणि तशीच उभी राहिली. आईचं बी गेलं होतं. पडवीच्या भिंतीला थापलेलं सगळं गेल्या सालच्या त्याच वेलाचं होतं, आणि काशीदला आता मागावं असं कोणी उरलं नव्हतं.

कुंपणापलीकडे केसर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली.

"कडू लागतंय व्हय गं, ठमे?"

ठमीनं तोंडातला तुकडा चावला, सावकाश गिळला, आणि दुसरा तोडला.

"न्हाय," ती म्हणाली. "गोड हाय."

केसरच्या देखत तिनं ते शेंड्यापर्यंत संपवलं.