ड्रमरनं गायलेली गाणी

सौंसरच्या बसस्टँडमागे गजेंद्र डिगरसे यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं दुकान आहे. वॉशर आणि नळ्यांच्या फळीवर एक फोटो टांगलेला. नागपुरातल्या एका कॉलेजचं मैदान, लांब केसांची चार पोरं, आणि मागे ड्रमच्या आड गजेंद्र. ‘शून्य मैल’ हा त्यांचा रॉक बँड. गॅदरिंगांमधून काही वर्षं गाजला, मग गायक सुमेध पुण्याला गेला आणि बाकीचे आपापल्या घरी आले. फोटोत सुमेधचे दातसुद्धा दिसतात. गजेंद्रचा एक कान दिसतो.

चाली आपल्या, शब्द आपले आणि टाळ्या माइक धरणाऱ्याला, हे गजेंद्र पंप उघडता उघडता गिऱ्हाइकांना ऐकवत असे. खोटं नव्हतं ते. चाली त्याच्याच होत्या. आवाज तेवढा नव्हता, आणि हे बँडमध्ये त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यानं स्वतःचा अल्बम करायचं ठरवलं. जगानं ऐकलं तर बरंच, पण खरं म्हणजे एकट्या सुमेधनं ऐकावं आणि कबूल करावं, की गाणारा तूच होतास. त्यासाठी त्यानं माळ्यावरचा ड्रमसेट पांढुर्ण्याच्या एका लग्नाच्या ऑर्केस्ट्राला विकला आणि नागपुरात स्टुडिओ घेतला. ड्रम तरी स्वतः वाजवा, असं तिथल्या रेकॉर्डिस्टनं दोनदा सुचवलं. गजेंद्र ऐकेना. वाजवले की लोक पुन्हा ड्रमरच म्हणणार. शेवटी ड्रम कॉम्प्युटरनं वाजवले.

सहा गाणी झाली. त्यांत आवाज सुराच्या मागे धावतो, आणि सापडेपर्यंत सूर पुढच्या ओळीत गेलेला असतो. विरहाच्या गाण्यात गजेंद्र पंपाची तक्रार सांगावी तसा बोलतो. बायको करुणा शाळेत शिकवते. तिनं भाजी निवडत सगळं ऐकलं आणि पुढचं लाव म्हणाली. संपली सगळी, असं गजेंद्रनं सांगितलं. ती म्हणाली, “हो का? मले वाटलं एकच चालू आहे.”

सुमेधला त्यानं पहिल्याच दिवशी गाणी पाठवली. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

गाणी पसरली पाहिजेत, मग सुमेधला बोलावंच लागेल, असा हिशेब करून गजेंद्र पोळ्याच्या आधी मोहगावजवळच्या आपल्या मूळ गावी गेला. तिथले भगवंतराव झडत्यांसाठी प्रसिद्ध. पोळ्याला गावाबाहेरच्या आखरावर तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, तेव्हा यमक जुळवून जो टोमणा ओरडून मारतात ती झडती. ज्याच्यावर पडेल त्यानं तशीच उलट झडती म्हणायची असते, आणि चांगली झडती वर्षभर गावोगाव फिरते. आपल्या गाण्यांवर एक करा, असं गजेंद्रनं सांगितलं आणि म्हाताऱ्याच्या कानात इअरफोन घातले.

भगवंतरावांनी तीन गाणी मुकाट ऐकली. मग विचारलं, “खरी म्हनू का चांगली म्हनू?”

“खरीच म्हना, काकाजी.”

त्याला दोन्ही एकच वाटलं होतं.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली भगवंतरावांनी हात वर केला आणि आखर गप्प झालं.

“गोठ्यात मोबाइल, मोबाइलमंदी गजू,
गाय म्हने बैलाले, चाल, पान्यात भिजू!”

माणसं हसून वाकली. बैलांच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या बायाही हसल्या. मग सगळे गजेंद्रकडे वळले, कारण आता त्याची पाळी होती. कोणीतरी म्हणालं, “बोला ना गजूभाऊ, तुमी तं गायक झाले आता.” गजेंद्रनं तोंड उघडलं. आयुष्यभर चाली बांधलेल्या माणसाला दोन ओळी सुचल्या नाहीत.

ती शांतता भरायला ताशेवाल्यानं ताशा सुरू केला, आणि ठेका ओढत, रेंगाळत वाजवू लागला. गजेंद्रला तेव्हा निघून जाता आलं असतं. त्यानं पुढे होऊन ताशा आपल्या गळ्यात अडकवला.

त्यानं वाजवलं ते आखरानं कधी ऐकलं नव्हतं. बैलांचे कान उभे राहिले. भगवंतरावांनी तीच झडती त्या ठेक्यावर पुन्हा म्हटली, मग गावानं उचलली. ‘गजू’ शब्दाआधी गजेंद्र एक ठोका रिकामा सोडत होता, त्यामुळे नाव सगळ्यांच्या तोंडून एकदम, दणकून येत होतं. स्वतःची अब्रू काढणारी झडती त्यानं अशी बसवली, की ती आता विसरणं कोणालाच शक्य नव्हतं. घामानं भिजलेला चेहरा आनंदात होता. हे त्याला नंतर कोणीतरी काढलेला व्हिडिओ बघताना कळलं.

व्हिडिओ लोधीखेड्यापासून नागपूरपर्यंत फिरला. अल्बम ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त लोकांनी तो एका दिवसात पाहिला. त्यात भगवंतराव पुढे आहेत, गजेंद्र त्यांच्या फेट्याआड.

दुकानात पंप उघडून बसलेला असताना सुमेधचा मेसेज आला. गजेंद्रनं हात पुसले, चष्मा लावला.

“यार, तू वाजवतोस अजून! जबरदस्त. पुढे गाणारे काका कोण आहेत? आवाज फार भारी आहे, मला त्यांच्यासोबत काहीतरी करायचंय.”

आपल्या गाण्यांबद्दल विचारावं असं गजेंद्रच्या मनात आलं, अर्धी ओळ लिहिलीही. ती पुसून त्यानं भगवंतरावांचा नंबर पाठवून दिला.