दवाखान्यावरच्या चुटक्या

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत आई त्यांच्याविषयी एक अक्षर बोलली नव्हती. विषय निघाला की ती उठून गॅसवर चहा ठेवायची. त्यामुळे आमच्या घरी चहा फार होऊ लागला होता. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर ती बोलायची, तेही इतक्या मोठ्यानं की आमच्या भाजीत मीठ कमी पडलं ते शेजाऱ्यांना आधी कळे. ‘आई, हळू बोल’ हे मी दिवसातून दहादा तरी म्हणत असेन.

मी दर रविवारी सदर भागात कवितेच्या बैठकीला जाते. तिथे कविता छापायच्या नसतात. घरात, गल्लीत जे सोसलं ते उभं राहून, माइक धरून सांगायचं. आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या नालीवरची माझी कविता आम्ही सगळ्यांनी मिळून वॉर्डाच्या ऑफिससमोर म्हटली होती. तिसऱ्या कडव्याला साहेब बाहेर आले, आणि पुढची कडवी ऐकावी लागू नयेत म्हणून दुसऱ्याच दिवशी नाली उपसायला माणसं पाठवली. तेव्हापासून मी स्वतःला कवयित्री समजते.

बैठकीची जागा दाताच्या दवाखान्याच्या वर आहे. टाळ्या वाजल्या की खाली खुर्चीतला पेशंट दचकतो, अशी डॉक्टरांची तक्रार आली, म्हणून आम्ही टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतो. एका रविवारी मी आईला सोबत नेलं. तिनं कुठेतरी मोकळं व्हावं एवढंच माझ्या मनात होतं. तिला मात्र समोसा मिळतो असं सांगितलं होतं. चुटक्यांचं सांगायचं राहूनच गेलं.

एक मुलगी सासरी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगत होती. सांगता सांगता तिला रडू आलं, तशा तिला धीर द्यायला चारी बाजूंनी चुटक्या सुरू झाल्या. आमच्या घरी चुटकी वाजते ती जांभई आल्यावर, तोंडासमोर. आई ताडकन उठली आणि थेट माइकपाशी गेली.

“झोप येऊन राहिली तं घरी जा न बाप्पा,” ती म्हणाली. “पोरगी रडून राहिली, अन् तुमी जांभया देऊन राहिले?”

सगळे हसले. रडणारी मुलगीही हसली, आणि तिनंच आईला खरा प्रकार समजावला. मग म्हणाली, काकू, आता आलाच आहात तर तुम्हीही काही सांगा. इथे गॅस नव्हता, चहा ठेवायची सोय नव्हती. आईनं माइक धरला.

“उमरेडले आमच्या घरात हातमाग होता. दिवसभर खटखट. त्यायले काही सांगाचं तं ओरडूनच सांगा लागे. मीठ संपलं, ओरडून. पोरीले ताप आला, ओरडून. आता माग नाही, ते बी नाहीत. पोरगी म्हणते हळू बोल. पण हळू बोललं तं त्यायले आयकू कसं जाईन?”

एकही चुटकी वाजली नाही. मला माझीच लाज वाटली, आणि रडूही आलं.

परतताना ऑटोच्या आवाजावर आवाज चढवून आई बोलत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे बघता बघता बाबांनी लुगड्याचा काठ कसा चुकवला, मग सासऱ्यांपासून ते लुगडं कुठे लपवलं, सगळं. ऑटोवाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं. घराचं वळण आलं तेव्हा मी पुढे वाकून त्याला म्हटलं, “भाऊ, जरा लांबून घ्या.”