धनाजीराव चष्मा लावत नाहीत

किकवीत सल्ला मागायला धनाजीरावांकडे कुणी जात नाही. तो घरपोच येतो. विहिरीवरची मोटार जळाली की हे पहिले हजर. हे हात मारून गेले की मग खरा मिस्त्री बोलवायचा, असा गावचा रिवाजच पडलाय. साठी उलटली तरी डोळ्यांवर चष्मा नाही. चष्मा आला की माणूस म्हातारा, आणि म्हाताऱ्याला भावकीच्या बैठकीत कुणी पुढं बसवत नाही, हे त्यांचं ठाम मत. पेपर हातभर लांब धरून वाचायचे. हल्ली हात अपुरा पडायला लागला होता.

सून स्नेहल पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायची. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडायचा आणि त्यावर विम्याचे कागद तपासायचे. सोमवारी सकाळी बघते तर मॉनिटरवरची अक्षरं फुगलेली, कडा धुरकट. तिनं आठाचा तीन वाचला. साहेबानं फोनवर बजावलं, पुन्हा चूक झाली तर पुण्यात ऑफिसला येऊन बसायचं. ती गेली की पाठोपाठ आपला नातू सार्थकही जाणार, हे सासू साळूबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. त्या भाकरी जरा जोरातच थापायला लागल्या.

धनाजीरावांना मात्र चेव चढला. सुनेला खुर्चीवरून उठवून त्यांनी इलाज मांडला. पडदा राखेनं घासायला निघाले, ते तिनं कसंबसं थोपवलं. मग टेबल पूर्वेला फिरवलं. लाईटवाल्यांचा उद्धार केला. केबल उपसून फुंकर मारली. जुना टीव्ही सुधारायचा तशा मॉनिटरच्या पाठीत दोन थापा घातल्या. शेवटी लिंबू-मिरची टांगून चहाला गेले.

तेवढ्यात स्नेहलनं सेटिंग उघडली. मॉनिटरचं रेझोल्यूशन कुणीतरी पार खाली ओढलेलं. तिनं ते मूळ जागी नेलं, तशी अक्षरं आक्रसली आणि जुन्या तांदळाच्या भातासारखी मोकळी, स्वच्छ झाली.

धनाजीराव परत आले, डोळे किलकिले करून बघितलं आणि भडकलेच.

"ही अक्षरं मुंग्यांवानी कुणी केली? काल ह्याच्यावर पेपर वाचायला म्या हितं-तितं दाबून चांगली मोठी करून ठिवली व्हती."

बिघाड आपणच करायचा आणि दुरुस्तीचा नारळही आपणच फोडायचा, यासाठी माणसाला निवडणूक जिंकावी लागते असं थोडंच आहे.

स्नेहलनं मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. साळूबाई पिठाच्या हातानंच दारात आल्या.

"आवो, सून पुण्याला धाडायची का तुमचं डोळं भोरला डाक्टरला दावायचं, येवडंच सांगा."

धनाजीरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळची भोरची एसटी धरली.

पुढं पारावर त्यांच्या नाकावरचा चष्मा बघून सगळे थबकले. धनाजीराव शांतपणे म्हणाले, "सुनंच्या कंपनीचा नियम हाय. मॉनिटर आसंल त्या घरात वडीलधाऱ्यानं लावावाच लागतो."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पेपर हातभर लांब धरून बसलेले हनुमंतनाना जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "आमच्या पोराच्या कंपनीला बी आसला नियम आसंल का, जरा बघता?"