व्हिएन्नासाठी कडक भाकरी

नवी पेठेत शेंगा चटणीचा लसणी वास आला, की मला माझी हुकलेली व्हिएन्ना आठवते. स्वस्तातलं विमान, हॉस्टेल, जेवणाला घरची कडक भाकरी नि चटणी, असा बेत मी वर्षभर वहीत आखला होता. वैरागहून आलेल्या काकूने ती वही चाळली. "पोरीनं एकटीनं कुटं जायचं? आमचा पोरगा जाईल की. तुझं इंग्लिश लई भारी, त्याचा व्हिसाचा अर्ज तूच लिही." बाबांनी मान डोलावली. चुलतभाऊ माझी वही घेऊन व्हिएन्नाला जाऊन आला, वर म्हणाला, "भाकरी कमी लिहिलीस." त्याचा राग आहेच, पण तो अर्ज मी मुकाट्याने, एकही चूक न करता लिहिला, याचा जास्त आहे.