सात पिढ्यांचे तंदुरुस्त

घराघरांत केबल आली त्या वर्षी वडिलांच्या श्राद्धासाठी मी रामघाटावर बसलो होतो. शेजारी एक बाई, काखेत दवाखान्याची फाइल धरून, पंड्याच्या वहीतली सासरची वंशावळ त्याच्याकडून वाचून घेत होती. तिच्या लेकीच्या शरीरात एक एन्झाइम जन्मापासून बनतच नव्हतं. परदेशात आता मूळपेशींतला दोषच दुरुस्त करून पाहतात म्हणे. इथल्या डॉक्टरांनी आधी घराण्यात लहानपणी कोणती मुलं गेली, ते विचारलं होतं. दोष आईबाप दोघांकडून येतो, असं ते सांगत होते. सासू मात्र म्हणे, हे हिच्या माहेरचं.

प्रत्येक नावावर बोट ठेवून ती विचारायची, "और इनके बच्चे?"

पंडा वैतागला. "बहनजी, जो छोटे में चले गए, उनका नाम नहीं चढ़ता. लड़कियों का तो वैसे भी नहीं."

ती कडवट हसून माझ्याकडे वळली. "बघा दादा, सात पिढ्यांत एक मूल गेलं नाही. सगळे एकदम तंदुरुस्त."

मी खाली पाहिलं. माझ्या पुढ्यातल्या वहीत वडिलांच्या खाली मी एकटाच होतो. पंड्यानं सहीसाठी पेन दिलं. मी आधी, दोन वर्षांची असतानाच वारलेल्या माझ्या बहिणीचं नाव लिहिलं.