'फक्त मालकांचे मेसेज'

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीची वेबसाइट मी सांभाळतो. फुकट. मी इथला जुना भाडेकरू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला बोलायची मुभा नाही, पण वेबसाइट अडली की समस्त मालकवर्ग माझ्याच दाराची बेल वाजवतो. हा मान मी चवीने उपभोगतो.

या वेबसाइटवर लोक तक्रारी टाकतात. लिफ्ट बंद, पाणी नाही, कुणाची स्कूटर आडवी. तिथेच एका कोपऱ्यात एक बटण होतं, 'फक्त मालकांचे मेसेज'. दाबलं की भाडेकरू गायब!

मध्यंतरी वेबसाइट रेंगाळायला लागली. सेक्रेटरींनी मला खाली गाठलं. "जे जे फारसं कोणी वापरत नाही ते उडवून टाका. प्रत्येक वेळी मला विचारत बसू नका."

मी पाहिलं. ते बटण अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस वापरत होता. सेक्रेटरी.

माझ्या वरच्या मजल्यावर एक नर्सबाई लहान मुलीला घेऊन भाड्याने राहतात. त्यांच्या बाथरूमचं छत गळत होतं आणि पाणी गिझरच्या वायरीकडे सरकत होतं. घरमालक साताऱ्याला, फोन उचलत नाही. एकदा त्या जिन्यात भेटल्या.

"काका, मेसेज टाकून दमले हो. कोणी वाचतं तरी का?"

"एक सोडून सगळे वाचतात, सिस्टर."

"तो एक कोण?"

"प्लंबर बोलावणारा."

त्याच संध्याकाळी चहा पीत पीत मी बटण उडवलं. इतका गोड चहा मी क्वचित प्यालोय.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. मी मागे खांबाला टेकून उभा. सेक्रेटरी नेहमीप्रमाणे फोन समोर धरून खणखणीत आवाजात तक्रारी वाचू लागले. "'बाथरूमचं छत गळतंय, कृपया बघावं.' 'पुन्हा लिहितेय.' 'साहेब, पाणी गिझरच्या वायरीला लागतंय. मुलीला अंघोळ घालायची भीती वाटते...'"

आवाज खाली आला. पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "थांबलात का? वाचा की!"

सेक्रेटरींनी मान वर करून मला शोधलं. "हे काय केलंत?"

"कमी वापरातलं काढलं. तुमचाच हुकूम."

"तो फिल्टर परत लावा. आत्ताच्या आत्ता!"

"लावतो की. पण कोण वापरत होतं ते सगळ्यांना सांगा."

नाटकात अशा जागी पडदा पाडतात. आमच्याकडे आजी उठल्या. "आधी प्लंबरला फोन लावा. पोरीला शॉक बसल्यावर लावणार आहात?"

फोन लागला. दुपारी सिस्टरच्या वरच्या फ्लॅटमधला पाइपचा फुटलेला जॉइंट सापडला, संध्याकाळी इलेक्ट्रिशियन येऊन वायर बदलून गेला.

तो गेल्यावर सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "तुमचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय ना? एनओसी आम्ही देतो, लक्षात असू द्या."

"नका देऊ," मी म्हणालो. "सामान बांधीन, बोनकोड्यात खोली बघीन. बटण मात्र लावणार नाही. दुसरा माणूस आणा आणि त्याच्याकडून लावून घ्या."

दुसरा माणूस अजून मिळालेला नाही. माझी एनओसीही अडकलीय. वर मात्र पोरगी बादलीवर ताल धरून गाते. भयंकर बेसूर. मी खालून दाद देतो.